हवामान रडार : घरगुती फ्लाइट सिम्युलेटरमधील

घरच्या संगणकावरील फ्लाइट सिम्युलेटरमध्ये विमानाच्या पॅनेलवर बाहेरून बसवलेले आणि समोरच्या पर्जन्याचे चित्र दाखवणारे उपकरण. मूळ विमानासोबत ते येत नाही. विकत घेऊन किंवा मोफत उतरवून जोडावे लागते, म्हणून सिमर मंडळी त्याला अॅड-ऑन गेज म्हणतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः मायक्रोसॉफ्टचे फ्लाइट सिम्युलेटर एक्स (एफएसएक्स, २००६) आणि त्याच गाभ्यावर लॉकहीड मार्टिनने वाढवलेले प्रीपार३डी यांचा विचार केला आहे. जोड-गेजची परंपरा या शाखेत सर्वांत जास्त फोफावली.

मूळ उपकरण : दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने शोधणाऱ्या रडारच्या पडद्यावर पावसाचे प्रतिध्वनी नको असताना उमटत. हवामान रडार त्याच अडचणीतून पुढे आले आणि १९५० नंतरच्या दशकात प्रवासी विमानांत रुळू लागले. तरंगलांबी कोणती घ्यावी यावर त्या वेळी दोन पक्ष होते. सुमारे ३ सेंमी.च्या एक्स-बँडचे चित्र लहान अँटेनावरही रेखीव येते, पण मुसळधार पावसात त्याची शक्ती लवकर शोषली जाते. ५.५ सेंमी.च्या आसपासचा सी-बँड पावसाच्या पलीकडचेही बऱ्यापैकी पाहतो, मात्र तेवढ्याच रेखीवपणासाठी अँटेना मोठी लागते. युनायटेड एअर लाइन्सने १९५३ च्या सुमारास डीसी-३ विमानावर चाचण्या घेऊन सी-बँडला कौल दिला. तांत्रिकदृष्ट्या तो कौल चुकीचा नव्हता. तरीही पुढे एक्स-बँडच सार्वत्रिक झाला आणि आजची विमानातील रडारे साधारण ९.३ गिगाहर्ट्‌झवर चालतात.

या जुन्या वादाचा सिम्युलेटरशी थेट संबंध आहे. घरगुती जोड-रडारे एक्स-बँड उपकरणांच्याच नकला असतात, पण क्षीणन, म्हणजे पावसात शक्ती शोषली जाणे, हा एक्स-बँडचा मूळ दोष त्यांच्यात बहुधा उतरत नाही. खऱ्या रडारवर जोरदार पावसाच्या मागचा भाग काळा, म्हणजे मोकळा दिसू शकतो. त्याला रडार-छाया म्हणतात. ४ एप्रिल १९७७ रोजी अमेरिकेत सदर्न एअरवेजचे उड्डाण २४२, एक डीसी-९ विमान, वादळात शिरले. पाणी व गारा आत गेल्याने त्याची दोन्ही इंजिने बंद पडली आणि जॉर्जिया राज्यातील न्यू होप येथे रस्त्यावर उतरण्याच्या प्रयत्नात ते कोसळले. वादळी पट्टा ओलांडताना विमानातील रडारवर विसंबणे हा घटक तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने कारणमीमांसेत नोंदवला. पडद्यावर जी मोकळी वाट दिसली ती अशीच छाया असावी, असे सामान्यतः मानले जाते. याउलट घरगुती सिम्युलेटरमध्ये मोकळी दिसणारी वाट बहुतेक वेळा खरोखरच मोकळी असते, आणि सराव करणाऱ्याला नेमकी तीच सवय लागते.

प्रतिध्वनीचा उगम : सिम्युलेटरमधील रडार काहीही प्रक्षेपित करत नाही. ढग कोठे आहेत हे ते सिम्युलेटरच्या संगणक-कार्यक्रमाला (प्रोग्रॅमला) विचारते आणि आलेले उत्तर रंगवते. त्यामुळे गेज किती सुबक दिसते यापेक्षा त्याला उत्तर कोण देते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

बाहेरचे कार्यक्रम एफएसएक्सशी जोडणाऱ्या सिमकनेक्ट या दुव्यात ढगांची स्थिती विचारण्याचे एक फंक्शन आहे. अक्षांश, रेखांश आणि किमान व कमाल उंची देऊन आकाशातील एक पेटी ठरवायची. कार्यक्रम तिचे ६४ × ६४ घरांत तुकडे करून प्रत्येक घरासाठी ० ते २५५ यांमधील ढगांची घनता परत करतो. पेटी लहान असो वा मोठी, घरे तेवढीच राहतात. बाजू ८० सागरी मैल घेतली तर एक घर सव्वा मैलाचे होते. ती ३२० केली की घर ५ मैलांचे होते आणि एक अख्खा गडगडाटी ढग त्यात गडप होतो. लांबचा पल्ला लावल्यावर चित्र ठोकळेदार का दिसते, याचे कारण येथे आहे. पुष्कळदा त्याचा दोष उगाच ग्राफिक्स कार्डाला दिला जातो.

याहून मोठी अडचण अशी, की ही घनता ढगाची असते, पावसाची नव्हे. खरे रडार थेंब पाहते. ढगातील सूक्ष्म जलकण, कोरडे हिम आणि हिमस्फटिक त्याला फारच क्षीण दिसतात किंवा दिसतच नाहीत. केवळ घनतेवर चालणारे गेज निरुपद्रवी स्तरमेघही हिरवे-पिवळे रंगवू शकते. शिवाय पेटी सपाट असते, तर रडारचा झोत शंकूसारखा पसरतो. अँटेनाच्या कलाची नक्कल करायची तर निरनिराळ्या उंचीच्या पेट्या मागवून त्यांचे काप जुळवावे लागतात.

दुसरा मार्ग हवामान-इंजिनाचा. अॅक्टिव्ह स्काय नेक्स्ट (२०१४ च्या सुमारास) हा कार्यक्रम सिम्युलेटरमध्ये स्वतःच हवामान भरतो, त्यामुळे पर्जन्य कोठे टाकले हे त्याला ठाऊक असते आणि ती माहिती तो रडारला पुरवतो. पीएमडीजी या कंपनीच्या बोइंग ७७७ या जोड-विमानातील रडार याच आधारावर चालू झाले. साधारण त्याच काळात रेक्स आणि मिलविझ या कंपन्यांचे मिळून एक स्वतंत्र जोड-रडारही बाजारात आले. एफएस २००४ या आधीच्या आवृत्तीपासूनच्या सिमरांना रिअॅलिटी एक्सपीचे डब्ल्यूएक्स५०० हे गेज त्याआधीपासून परिचित होते.

अशा चित्राला रडार म्हणावे की नकाशा, यावर जाणकारांत एकमत नाही. कल (अँटेना वर-खाली झुकवणे), लाभ (गेन, म्हणजे रडारची संवेदनशीलता) आणि पल्ला (किती लांबचे पाहायचे) या खुंट्या फिरवल्यावर चित्र योग्य तऱ्हेने बदलत असेल तर ते रडारच, असे एका पक्षाचे म्हणणे आहे. क्षीणन नसेल तर तो रंगीत नकाशाच, असे दुसरा पक्ष मानतो. केवळ कार्यपद्धती शिकण्यापुरते पाहिले तर पहिले मत ग्राह्य वाटते. निर्णय घेण्याच्या सरावासाठी दुसरे अधिक सयुक्तिक आहे.

पडद्यावरील चित्र मुळात जमिनीवरील माहितीइतकेच चांगले असू शकते. जुनी इंजिने प्रामुख्याने विमानतळांच्या मेटार नावाच्या नियमित हवामान-अहवालांवर चालत आणि दोन विमानतळांमधला भाग अंदाजाने भरत. मुंबई–पुणे हे हवाई अंतर जेमतेम ६५–७० सागरी मैल आहे, पण जुलैतला खरा पाऊस पडतो तो मधल्या घाटमाथ्यावर, आणि तेथे मेटार देणारा विमानतळ नाही. सांताक्रूझला रिमझिम व लोहगावला नुसते ढग असा अहवाल असेल, तर लोणावळ्यावर सिम्युलेटरचे रडार निवांत हिरवे राहते.

जोडणी : एफएसएक्समध्ये प्रत्येक विमानाच्या पॅनेल फोल्डरात पॅनेल डॉट सीएफजी ही साधी मजकूर-फाइल असते. तिची प्रत बाजूला ठेवल्याशिवाय तिला हात लावू नये, हा संकेत सार्वत्रिक आहे. गेजची फाइल गेजेस फोल्डरात टाकायची, खिडक्यांच्या यादीत एक नवे नाव वाढवायचे आणि त्या खिडकीच्या विभागात एक ओळ लिहायची : फाइलचे नाव, उद्गारचिन्ह, गेजचे नाव, मग स्वल्पविरामांनी तोडलेले चार आकडे. पहिले दोन आकडे डावीकडून व वरून अंतर दाखवतात, पुढचे दोन रुंदी व उंची. गेजचे क्रमांक सलग लागतात. एक सुटला तर पुढची उपकरणे गायब होतात आणि नवखा माणूस तासभर रडारलाच बोल लावत बसतो. विमान प्रथम उघडताना हे गेज विश्वासार्ह मानायचे का, असे कार्यक्रम विचारतो. होकार दिला की तशी नोंद एफएसएक्सच्या मुख्य सीएफजी फाइलीत होते. खिडकी शिफ्ट व अंकाची कळ दाबून उघडते. त्रिमिती कॉकपिटात मात्र मॉडेल बनवणाऱ्याने त्या जागी पडदा राखलेला असेल तरच गेज बसवता येते.

वापर : पल्ला, लाभ व कल या तीन खुंट्यांपैकी शिकण्यासारखी खरी खुंटी कलाची. १° कलामुळे झोत दर सागरी मैलाला सुमारे १०० फूट वर किंवा खाली जातो, म्हणजे ४० मैलांवर ४,००० फूट. ३० सेंमी. अँटेनाचा झोत साधारण ८° रुंद असतो. ४० मैलांवर त्याची जाडी ३२,००० फूट भरते. एवढ्या जाड झोताने ढगाचा माथा मोजणे म्हणजे केरसुणीने ओळ अधोरेखित करणे. प्रवासी विमानाच्या मोठ्या अँटेनाचा झोत ३–४° असतो आणि तेथे हा हिशेब कामाचा ठरतो. नेहमीची रीत अशी : जमिनीचे प्रतिध्वनी पडद्याच्या बाहेरच्या कडेला जेमतेम दिसेपर्यंत कल खाली आणायचा, मग थोडा वर घ्यायचा. अनेक जोड-गेजांत जमिनीचे प्रतिध्वनीच नसतात, तेव्हा ही रीत आकडेमोडीनेच पाळावी लागते. रंगांचा क्रम हिरवा, पिवळा, लाल असा आहे. किरमिजी रंगाचा अर्थ उपकरणागणिक बदलतो. काहींत तो अतितीव्र पर्जन्य दाखवतो, काहींत हवेतील खळबळ.

जमिनीवरील रडारांचे जोडचित्र उपग्रहामार्फत दाखवणारे नेक्सरॅड पडदे यांहून वेगळे. ते चित्र पडद्यावर लिहिलेल्या वयापेक्षा १५ ते २० मिनिटे अधिक शिळे असू शकते, असा इशारा अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये दिला होता. सिम्युलेटरात हा विलंब क्वचितच दाखवला जातो.

इतर शाखा : मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या आवृत्तीत सिमकनेक्टची जुनी हवामान-फंक्शने बाद झाली. तिच्यात नकाशावर पर्जन्य काढून देण्याची अंगभूत सोय आहे, पण चित्र मिळते आणि आकडे मिळत नाहीत, ही विमान-निर्मात्यांची तक्रार राहिली; काहींनी त्यामुळे रडार मुद्दाम बंदच ठेवले. एक्स-प्लेनमध्ये हवामान रडार बऱ्याच काळापासून अंगभूत असल्याने जोड-गेजांची तेवढी गरज भासली नाही. फ्लाइटगिअर या मुक्त सिम्युलेटरातील रडारचे लेखन २००५ मध्ये सुरू झाल्याचे त्याच्या स्रोत-फाइलीत नमूद आहे. लढाऊ विमानांची लक्ष्यशोधक रडारे, उदाहरणार्थ व्हीआरएस कंपनीच्या टॅकपॅक या जोड-संचावर चालणारी, पावसाऐवजी इतर विमाने शोधतात. त्यांचा प्रस्तुत नोंदीत समावेश केलेला नाही.