स्पीड लॉक काढून मिळणार नाही
(कमी वेगाची इलेक्ट्रिक स्कूटर वापरणाऱ्या आमच्या नाशिकच्या ग्राहकांसाठी)

नमस्कार.

"भाऊ, गाडी पंचवीसच्या वर जातच नाही, जरा लॉक काढून द्या ना." दुकानाचं शटर वर गेल्यापासून हे वाक्य कुणी ना कुणी ऐकवतंच. काही जण तर विचारतही नाहीत. बाहेरून लॉक काढून घेतात आणि गाडी बंद पडली की ढकलत आमच्याकडे आणतात. दोघांनाही एकच उत्तर द्यायचं आहे, म्हणून हा कागद छापला. गाडी चार्ज कशी करायची, कुठे लावायची हे तुम्हाला ठाऊक आहे, ते इथे पुन्हा लिहीत नाही.

आधी नियम. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मध्ये बॅटरीवरच्या काही गाड्यांना 'मोटार वाहन' या व्याख्येतून बाहेर ठेवलं आहे. त्यासाठी मोटरची पॉवर 250 वॅटपेक्षा कमी लागते, आणि तीही क्षणभराची नाही, सलग 30 मिनिटं टिकणारी मोजतात. कमाल वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत, आणि त्या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेची मंजुरी. एवढं सगळं जुळलं की पासिंग नाही, लायसन्स नाही, विमा नाही. तुम्ही ही गाडी घेतली ती याच सवलतीसाठी, आणि आम्हीही विकली ती हेच सांगून.

आता लॉक निघाल्यावर काय होतं ते बघा. मोटरला किती करंट द्यायचा हे ठरवणाऱ्या कंट्रोलरमधून एक बारीक वायर बाहेर आलेली असते. ती जोडली किंवा तोडली की, मॉडेलप्रमाणे, वेगाची मर्यादा उठते. पाच मिनिटांचं काम. काही ठिकाणी याच्यापुढे जाऊन 48 व्होल्टच्या जागी 60 व्होल्टचा बॅटरी संच बसवतात, किंवा कंट्रोलरच मोठा टाकतात. गाडी पळते, यात शंका नाही. पण ज्या क्षणी ती पंचवीसच्या पुढे गेली, त्या क्षणी ती कायद्याने मोटार वाहन झाली. तिला पासिंग नाही, विमा नाही, आणि चालवणाऱ्याकडे बहुतेक वेळा लायसन्सही नाही.

मोटार वाहन कायद्यात हे तिन्ही वेगवेगळे गुन्हे आहेत. नोंदणी नसलेली गाडी चालवली तर पहिल्या वेळी 5000 रुपयांपर्यंत दंड. लायसन्स नसेल तर 5000. विमा नसेल तर पहिल्या वेळी 2000. शिवाय मालकाने गाडीत बेकायदा बदल केला म्हणून दर बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकार पोलीस आणि आरटीओ दोघांनाही आहे. मे 2022 मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तांनी अशा बदललेल्या गाड्या शोधण्याची खास मोहीम सगळ्या आरटीओंना लावली होती, तेव्हा काही ग्राहकांना पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयाचे हेलपाटे घालावे लागले. त्यानंतरही तपासणी चालूच असते. नंबर प्लेट नसलेली गाडी मुंबई नाक्यावर चाळीसने गेली तर हवालदाराला वेगळं यंत्र कशाला लागेल?

पालकांसाठी थोडं सविस्तर. कॉलेज रोडच्या क्लासला जाण्यासाठी दहावी-बारावीच्या मुलांना आम्ही या गाड्या बऱ्याच दिल्या आहेत, आणि मुलांना लॉकचं गुपित आमच्या मेकॅनिकच्या आधी कळतं. घरी कुणाला पत्ता नसतो. अठराच्या आतल्या मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला तर कलम 199-अ प्रमाणे पालकाला किंवा मालकाला दोषी धरतात. 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. त्या मुलाला पुढे 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर गाडी स्वतः एकदा चालवून बघा. काटा पंचवीसच्या पुढे सरकला तर मुलावर ओरडू नका, गाडी घेऊन आमच्याकडे या.

अपघात झाला तर दंड ही किरकोळ गोष्ट ठरते. समोरच्याला लागलं आणि गाडीला विमा नसेल, तर दावा न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई थेट मालकाच्या खिशातून जाते.

"मग पंचवीसने द्वारका चौकात मरायचं का?"

हा प्रश्नही ऐकतो, आणि तो खोटा नाही. मागून बस हॉर्न मारते, रिक्षा डावीकडून घुसते, सिग्नल सुटला की आपणच सगळ्यांच्या मागे. पण ही गाडी गल्ली, बाजार, शाळा, भाजी, मंदिर एवढ्यासाठी बनवली आहे. शालिमार ते रविवार कारंजा या पट्ट्यात दुपारी पंचवीसचा वेग तरी कुणाला मिळतो! उड्डाणपुलावर मात्र ती घेऊन चढू नका, मग लॉक असो वा नसो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर साधारण चौपट होतं, आणि या गाड्यांचे ब्रेक, टायर आणि फ्रेम पंचवीसच्या हिशोबाने दिलेले असतात.

रोज अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत ड्युटीला जायचं असेल, डिलिव्हरीचं काम असेल, किंवा दोघांनी त्र्यंबकेश्वर गाठायचं असेल, तर तुम्हाला ही गाडी नको होती. पासिंगवाली हवी होती. हिरवी प्लेट, एमएच 15 चा नंबर, विमा, सगळं रीतसर. ती आमच्याकडे आहे, आणि जुनी कमी वेगाची गाडी आम्ही बदल्यात घेतो. लॉक काढलेली असेल तर भाव पडतो, हे आधीच सांगून ठेवतो.

वॉरंटीचं भांडण

आमचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. लॉक काढलं की मोटर जास्त करंट ओढते. कंट्रोलरमधले मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे भाग) तापतात, मोटरमधले हॉल सेन्सर (चाक कुठवर फिरलं ते कंट्रोलरला कळवणारे) जातात, कनेक्टर वितळतात, बॅटरी लवकर फुगते किंवा बसते. गाडी येते तेव्हा ग्राहक म्हणतात, "आपोआप बंद पडली." कंपनी कंट्रोलर उघडून बघते, वायरला जोड दिसतो, आणि दावा परत येतो. मग राग निघतो आमच्यावर. त्यात मधल्या मेकॅनिकने रंग न जुळवता वायरी जोडलेल्या असतात. ते सगळं सोडवून मूळ जागी आणायला आमच्या मेकॅनिकचा अर्धा दिवस जातो आणि तोवर बाकीच्यांची सर्व्हिसिंग रखडते.

म्हणून आता गाडी देताना कंट्रोलरवर सील लावतो, त्याचा फोटो बिलाला जोडतो आणि मोटर व बॅटरीचे नंबर लिहून ठेवतो. काही जणांना हा अविश्वास वाटतो. पण या फोटोवरच आम्ही ग्राहकाच्या बाजूने कंपनीशी भांडू शकतो. सील शाबूत असेल तर दावा आम्ही स्वतः मागे लागून मंजूर करून घेतो. लॉक पुन्हा बसवून द्यायचे मात्र मजुरीचे पैसे घेतो. चारशे-पाचशे रुपयांत लॉक काढून देणारा बिल देत नाही, हेही एकदा लक्षात घ्या.

एप्रिल 2022 मध्ये पाथर्डी फाट्याजवळ कंटेनरमध्ये भरलेल्या नव्या इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या, तेव्हापासून प्रत्येक जण बॅटरीबद्दल विचारतो. विचारायलाच हवं. पण जो बॅटरीला घाबरतो तोच तिच्यावर जादा भार टाकणारा जोड बाहेरून करून आणतो, हे आम्हाला कळत नाही.

सायकलला ऑनलाइन मागवलेली 350 किंवा 500 वॅटची मोटर बसवून द्या म्हणणाऱ्यांनाही आमचा नकार आहे. तिथे पॉवरही जास्त आणि मंजुरीही नाही. पेट्रोलची जुनी स्कूटर इलेक्ट्रिक करायची असेल तर मंजूर किट आणि आरसी बुकात नोंद, दोन्ही लागतं.

हेल्मेटबद्दल एवढंच. ऑगस्ट 2021 मध्ये नाशिक पोलिसांनी 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू केलं, तेव्हा आमचे ग्राहक हसत होते, आपल्याला पंपावर जावंच लागत नाही म्हणून. डोकं सगळ्यांचं सारखंच असतं. आयएसआय मार्कचं हेल्मेट दुकानात आहे, गाडीसोबत घेतलं तर सवलत देतो.

गाडीच्या डिकीत बिलाची आणि चाचणी प्रमाणपत्राची प्रत ठेवा. ती आम्ही लॅमिनेट करून देतो, हरवली तर पुन्हा काढून देतो, पैसे नाहीत. अडवलं तर वाद न घालता हीच दाखवा. मॉडेल आणि मोटर जुळली की बहुतेक वेळा तिथेच सुटका होते.

वेग तपासणी मोफत आहे, सोमवार सोडून कधीही या. येताना चार्जर आणि बिल आणा. बाहेरून काही जोडून घेतलं असेल तर येण्याआधी ते घाईघाईत उपटून टाकू नका, आहे तसं आणा आणि आल्या आल्या सांगा.