वाघ, भिंत आणि साक्षीदार

महाशिवरात्रीच्या सुमारास मुक्ताईनगरला आणि तापी-पूर्णेच्या संगमावरच्या चांगदेवला यात्रा भरते. कीर्तनात ती कथा हमखास येते: चौदाशे वर्षांचे चांगदेव वाघावर बसून, सापाचा चाबूक घेऊन निघाले आणि ज्ञानेश्वरादी भावंडं बसल्या भिंतीसकट सामोरी गेली. खानदेशात ही गोष्ट पोरासोरांनाही पाठ असते. तिचं एक भावंड तुर्कस्तानात आहे, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. तेराव्या शतकातले सूफी हाजी बेक्ताश वली यांच्या भेटीला सय्यद महमूद हैरानी सिंहावर बसून, हातात सापाचाच चाबूक घेऊन आले. बेक्ताश खडकावर (काही पाठांत भिंतीवर) बसून पुढे झाले. आपल्याकडच्या काही पीरांच्या कथाही याच वळणाच्या आहेत.

मग खरं कुणाचं? डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७४८ साली युक्तिवाद केला, की वेगवेगळ्या धर्मांचे चमत्कार म्हणजे एकमेकांविरुद्ध साक्ष देणारे साक्षीदार. ते एकमेकांना खोडून काढतात. युरोपात हे चपखल बसलं, कारण तिथे चमत्कार म्हणजे आपलाच धर्म खरा असल्याचा पुरावा. इकडे नवस देवीलाही फेडतात आणि पीरालाही चादर चढवतात. दावे एकमेकांशी भांडतच नाहीत, त्यामुळे ह्यूमची वजाबाकी इथे अडते. प्रत्येक दावा सुटा घेऊन तपासावा लागतो, आणि फूटपट्टी मात्र एकच हवी. बेक्ताशांच्या खडकाला हसणाऱ्याने आपल्या भिंतीकडेही त्याच नजरेने बघावं, एवढीच माझी अट.

तपासायचं ते साक्षीदार प्रसंगाच्या किती जवळ होता हे. ज्ञानेश्वरांनी चांगदेवांना उद्देशून लिहिलेल्या ‘चांगदेव पासष्टी’च्या ६५ ओव्यांत शुद्ध अद्वैत आहे, वाघ नाही, भिंतही नाही. ही कथा घरोघर पोचवणाऱ्या ग्रंथांपैकी महिपतींचा ‘भक्तविजय’ १७६२ चा, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या १२९६ च्या समाधीनंतर साडेचारशेहून जास्त वर्षांनी लिहिलेला. उलट म्हाइंभटांनी तेराव्या शतकातच महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या आठवणी त्यांना पाहिलेल्या माणसांकडून गोळा केल्या. त्यांच्या या ‘लीळाचरित्रा’त एकाच प्रसंगाचे निरनिराळे पाठही जपले गेले. चमत्कार त्यातही आहेत, पण निदान प्रश्न विचारायला जागा आहे.

मुक्ताबाईंचं अंतर्धान पाहा. वैशाख वद्यात, तापीकाठी, विजेच्या कडकडाटात. त्या दिवसांत खानदेशात वळवाचं वादळ उठणं यात अशक्य काही नाही. वीज हा नोंदीचा भाग, अंतर्धान हा श्रद्धेचा. फूटपट्टी एकच, पण त्या मापाने अंतर्धानाला पुरावा कितीतरी जास्त लागतो.

ताज्या घटनांत काम सोपं होतं. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला, तेव्हा दिल्लीतल्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला आणि सोंडेला टेकवलेल्या चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे ओढलं जाऊन मूर्तीवरून पातळ थराने खाली उतरताना दिसलं. २०१२ मध्ये मुंबईत क्रूसातून ठिबकणाऱ्या पाण्याचं कारण बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडमारुकू यांनी केशाकर्षण (बारीक छिद्रांतून पाणी आपोआप वर ओढलं जाणं) असल्याचं सांगितलं. त्यांच्यावर तक्रारी झाल्या आणि ते देश सोडून फिनलंडला गेले.

तुकोबा तर स्वतःच म्हणतात, ‘दाऊं नेणें जडीबुटी । चमत्कार उठाउठी’. सूफींतही करामत झाकून ठेवण्याची शिकवण आहे. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही वाघ-भिंतीच्या वाटेला जात नाही. चमत्कार दाखवून पैसे उकळणं आणि फसवणं हा त्याच्या लेखी गुन्हा आहे.