चतुर की टाचणी? आधी डोळे बघा

पाण्याकाठी भिरभिरणारा, सडसडीत अंगाचा, चार पारदर्शक पंखांचा कीटक दिसला की आपण त्याला चतुर म्हणून मोकळे होतो. त्यातल्या कितीतरी टाचण्या असतात. दोघांचा गण एकच, ओडोनाटा. दोघेही पक्के शिकारी. तरी टाचणीला तिच्या नावाने ओळखावं, तेवढा तिचा हक्क आहे.

आकारावर मात्र जाऊ नका. चतुर दणकट आणि टाचणी नाजूक हे एरवी खरं असलं, तरी मध्य अमेरिकेतल्या जंगलांत मेगालोप्रेपस नावाची टाचणी आहे. तिच्या पंखांचा विस्तार १९ सेंटिमीटरपर्यंत जातो. आजचा कुठलाही चतुर तिच्यापुढे लहानच.

खरी ओळख डोळ्यांत. टाचणीचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना असतात, मध्ये भरपूर जागा. वरून पाहिलं तर थेट डंबेल. बहुतेक चतुरांचे डोळे माथ्यावर एकमेकांना भिडलेले असतात. गोम्फिडी कुळातल्या चतुरांचे डोळे मात्र भिडत नाहीत. तिथे पंख बघावेत: चतुर बसला तरी पंख पसरलेलेच ठेवतो, टाचणी ते पाठीवर मिटून घेते. यालाही अपवाद आहे, लेस्टिडी कुळातल्या टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवून बसतात. म्हणून डोळे आणि पंख दोन्ही बघून मगच नाव घ्यावं.

मला सगळ्यात जास्त भुरळ पडते ती पाण्यातल्या पिल्लांची. टाचणीच्या पिल्लाला मागच्या टोकाला पानांसारखे तीन कल्ले असतात, सहज दिसतात. चतुराच्या पिल्लाचे कल्ले चक्क गुदाशयात! ते मागून पाणी आत ओढून श्वास घेतं, आणि धोका जाणवला की तेच पाणी जोरात मागे फेकून पुढे झेपावतं. शिकारीची तऱ्हा मात्र दोघांची सारखीच. घडी करून ठेवलेला खालचा ओठ क्षणार्धात पुढे सुटतो आणि भक्ष्य पकडून आणतो.

कलेत मान मिळाला तो बहुतांशी चतुराला. मागे न हटणारा, जिंकणारा कीटक म्हणून जपानी सामुराईंनी त्याला शिरस्त्राणांवर मिरवलं. फ्रेंच दागिने-कलाकार रेने लालीकने १८९७-९८च्या सुमारास घडवलेला, चतुराच्या अंगातून स्त्री प्रकटणारा दागिना आज लिस्बनच्या गुलबेंकियन संग्रहालयात आहे. २०१३ साली फेस्टो या जर्मन कंपनीने उडता यांत्रिक चतुर केला, त्याचेही चारही पंख स्वतंत्रपणे हलतात. टाचणीही उडताना हेच करते, पण पसरलेल्या पंखांची आकृती डोळ्यांत भरते, त्यामुळे नक्षीकाराचा हात चतुराकडेच वळत असावा.

नक्षीत दोघांची सरमिसळ झाली की मला वाईट वाटतं. टाचणी काढायची तर पंख मिटलेले दाखवा, डोळे दूर ठेवा, आणि पुढचे-मागचे पंख बुडाशी सारखेच निमुळते काढा. मागचा पंख बुडाशी रुंद झाला, की तो चतुराचा झाला.