हेडऑफिस आणण्यासाठीच्या सवलती (नवी मुंबई आणि ठाणे)

मोठ्या शहराच्या कडेचं उपनगर एखाद्या मोठ्या कंपनीचं हेडऑफिस आपल्याकडे यावं म्हणून स्वस्तात जमीन देतं, टॅक्समध्ये सूट देतं, जादा एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) देतं, कधी रस्ता आणि रेल्वेही आधी पोचवून ठेवतं, त्या सगळ्याला मिळून सवलती किंवा इन्सेंटिव्ह म्हणतात. कारखान्याला दिलेली सवलत आणि हेडऑफिसला दिलेली सवलत एकच नाही. कारखाना पाणी, वीज, बंदर बघतो. हेडऑफिस माणसं बघतं, म्हणजे डायरेक्टर लोक राहतात कुठे, बँका, वकील आणि मंत्रालय किती लांब, विमानतळाला किती वेळ लागतो वगैरे.

या प्रकाराची सगळ्यात गाजलेली उदाहरणं अमेरिकेतली. सिअर्स कंपनीने १९८९ मध्ये शिकागोचा स्वतःच्या नावाचा टॉवर सोडून हॉफमन इस्टेट्स या उपनगरात जायचं ठरवलं, त्यासाठी सवलती घेतल्या, मग २०११ मध्ये राज्य सोडून जायची भाषा केली तेव्हा इलिनॉय सरकारने परत दरवर्षी दीड कोटी डॉलर अशी १० वर्षांची टॅक्स सूट दिली आणि २०१८ मध्ये कंपनीची दिवाळखोरी जाहीर झाली. ॲमेझॉनने २०१७ मध्ये दुसऱ्या हेडक्वार्टरसाठी प्रस्ताव मागवले तर २३८ आले, त्यातून दोन जागा निवडल्या, एक न्यूयॉर्क आणि दुसरी वॉशिंग्टनला लागून असलेलं आर्लिंग्टन, न्यूयॉर्कमध्ये विरोध झाल्यावर फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथून माघार घेतली. आर्लिंग्टनसाठी व्हर्जिनिया राज्याने पहिल्या २५ हजार नोकऱ्यांना दर नोकरीमागे २२ हजार डॉलर कबूल केले, पण पैसे नोकरी प्रत्यक्षात दिल्यावरच. ही अट महत्त्वाची आहे, आपल्याकडे जमीन आधी जाते आणि हिशोब नंतर मागितला जातो.

आपल्याकडे अशी बोली लावणं महापालिकेच्या हातात फारसं नाहीच. इन्कम टॅक्स केंद्राचा, जीएसटी केंद्र आणि राज्याचा, पालिकेकडे राहतो मालमत्ता कर आणि बांधकाम परवानगी. राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे पण ती मुळात मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यातून उद्योग बाहेर न्यायला काढलेली, त्यामुळे हा पट्टा 'अ' गटात येतो आणि सगळ्यात कमी फायदा यालाच. मग नवी मुंबईकडे देण्यासारखं काय होतं? जमीन. जमिनीची मालक सिडको (नवी मुंबई वसवणारी राज्य सरकारची कंपनी), आणि ठाणे-बेलापूर रोडच्या पट्ट्यात एमआयडीसी (राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ). सिडकोचा भाडेपट्टा साधारण ६० वर्षांचा, एमआयडीसीचा ९५ वर्षांचा.

मुळात हे शहरच हेडऑफिस हलवण्याच्या कल्पनेतून जन्माला आलंय. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडे नवं शहर सुचवलं, सिडको मार्च १९७० मध्ये स्थापन झाली, आणि सगळ्यात आधी यायचं होतं ते राज्य सरकारचंच ऑफिस. सरकार आलं की कंपन्या मागोमाग येतील असा तो विचार, आणि तो बरोबरच होता. पण त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून टॉवर उभे राहत होते, मंत्रालय जागचं हललं नाही, सीबीडी बेलापूरला विभागीय पातळीवरचं कोकण भवन आलं. बेलापूरच्या नावात सीबीडी आहे, शहराचं व्यापारी केंद्र म्हणून, आणि सरकारच आलं नाही तर कुठली कंपनी बोर्डरूम घेऊन येणार? तिथे जी खरोखरची हेडऑफिसं आली त्यातली ठळक नावं सरकारी कंपन्यांचीच आहेत, कोकण रेल्वे कॉर्पोरेशन बेलापूर भवनात आणि कॉटन कॉर्पोरेशन ऑफ इंडिया कपास भवनात.

खरी सवलत ठरली ती लोकल. मानखुर्द-वाशी लाईन १९९२ मध्ये सुरू झाली, नवी मुंबईच्या रेल्वेच्या खर्चात सिडकोचा वाटा ६७ टक्के आणि रेल्वेचा ३३, आणि सिडकोने वाशी, बेलापूरच्या स्टेशनांवरच ऑफिसच्या जागा बांधल्या. २००४ मध्ये ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर लोकल आली आणि ऐरोली, रबाळे, घणसोली हे केमिकल कंपन्यांचे स्टॉप बघता बघता आयटीचे झाले.

या आयटीच्या सवलतींमागे एक गोष्ट दडलेली आहे. राज्याच्या आयटी धोरणांमध्ये (१९९८, २००३, २००९, २०१५, २०२३) जादा एफएसआय, स्टॅम्प ड्युटीत सूट, उद्योगाच्या दराने वीज असं बरंच काही मिळत गेलं, पण २००९ आणि २०१५ च्या धोरणात खाजगी आयटी पार्कमधली ८० टक्के जागा आयटी आणि तिच्याशी जोडलेल्या सेवांनाच द्यायची अट होती. बँकेचं किंवा सिमेंट कंपनीचं हेडऑफिस त्यात बसत नाही, त्याच बँकेचं डेटा प्रोसेसिंग मात्र बसतं! म्हणजे सवलतीनेच बॅक ऑफिस निवडलं. त्यात २००५ च्या कायद्यानुसार एसईझेडमध्ये (म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात) पहिली ५ वर्षं निर्यातीच्या नफ्यावर पूर्ण इन्कम टॅक्स माफ आणि पुढची ५ वर्षं निम्मा, त्यामुळे ऐरोलीत एसईझेडच्या इमारती उभ्या राहिल्या. नव्या युनिटसाठी ही माफी २०२० मध्ये बंद झाली, मागणी घटली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राला नियम बदलून असे मजले एसईझेडमधून वेगळे काढायची परवानगी द्यावी लागली. घणसोलीत रिलायन्सचं एवढं मोठं कॉर्पोरेट पार्क, जिओचं सगळं काम तिथून चालतं, तरी रिलायन्स इंडस्ट्रीजचं रजिस्टर्ड ऑफिस नरिमन पॉइंटच्या मेकर चेंबर्समध्येच आहे.

ठाण्याची गोष्ट थोडक्यात. एमआयडीसीची सुरुवात १९६२ मध्ये वागळे इस्टेटमधून झाली, पुढे कारखाने बंद पडत गेले आणि त्याच प्लॉटवर आयटी पार्क आले. ठाण्यात सिडकोसारखा एकच जमीनमालक नाही म्हणून एकगठ्ठा जमीन देऊन कंपनी बोलवायची सोयही नाही, जे झालं ते बिल्डर आणि एफएसआयच्या जोरावर.

सवलतीची किंमत कोणी मोजली हे या नोंदीत आलंच पाहिजे. ठाणे आणि रायगडमधल्या ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी घेतली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात आंदोलन झालं, गोळीबारात पाच शेतकरी गेले, त्यातून पुढे १९९० मध्ये घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना आली आणि तिच्यातले वाद पुढे कितीतरी वर्षं चालू राहिले. कंपनीला स्वस्त मिळालेल्या प्रत्येक एकरात या आगरी-कोळी कुटुंबांचा वाटा आहे, तो कुठल्याच इन्सेंटिव्हच्या तक्त्यात दिसत नाही.

आता अटल सेतू (२१.८ किमी) जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये, नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, आणि सिडको खारघरला सेंट्रल पार्कजवळ इंटरनॅशनल कॉर्पोरेट पार्क करायचं म्हणतेय, बीकेसीच्या (मुंबईतल्या वांद्रे-कुर्ला संकुलाच्या) तोडीचं. बीकेसीत जे झालं त्यात एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) आधी संस्था आणल्या, रिझर्व्ह बँकेचं एक ऑफिस, सेबी, नाबार्ड, नॅशनल स्टॉक एक्स्चेंज, आणि बँकांची हेडऑफिसं त्यांच्या शेजारी येऊन बसली. खारघरच्या आराखड्यात अशी पहिली संस्था कोणती येणार, हेच अजून मोकळं आहे.