खान्देशात स्थानिक चॅनल सुरू करताना : केबल आणि यूट्यूबसाठी अर्ज, पात्रता, कागदपत्रे

जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा या पट्ट्यात ज्याला सरसकट ‘चॅनल’ म्हणतात, त्याचे कायद्याच्या नजरेत तीन प्रकार आहेत. उपग्रहावरच्या वृत्तवाहिनीला केंद्राची परवानगी आणि कंपनीचे २० कोटी रुपयांचे नक्त मूल्य (नेट वर्थ) लागते. तालुक्याच्या बातम्यांसाठी तो नाद सोडा. उरतात केबल आणि मोबाइल.

केबलवरील वाहिनी

सेट-टॉप बॉक्सवरची स्थानिक वाहिनी सरकारी दप्तरी ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ असते. तिची नोंदणी बातम्या तयार करणाऱ्याच्या नावाने होत नाही, गल्लीत वायर ओढणाऱ्या केबलवाल्याच्याही नाही. ती त्याला सिग्नल पुरवणाऱ्या एमएसओच्या (मल्टि-सिस्टीम ऑपरेटर, म्हणजे वरची मोठी केबल कंपनी किंवा फर्म) नावाने होते. ३० नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अर्ज ऑनलाइन, शुल्क वाहिनीमागे एकदाच १,००० रुपये.

खरी अडचण पात्रतेची. स्थानिक बातम्या दाखवायच्या तर एमएसओ ‘कंपनी’ म्हणून नोंदलेला हवा. भागीदारी किंवा एकट्याच्या मालकीची फर्म असेल तर कानबाईच्या उत्सवाचे चित्रीकरण चालेल, बातमीपत्र नाही. म्हणून करारावर सही करण्याआधी एमएसओचे नोंदणी प्रमाणपत्र आणि कंपनीचा सीआयएन (कंपनी ओळख क्रमांक) मागून घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’वर कॅमेरे विकत घेऊ नका.

अशा वाहिन्या एमएसओच्या एकूण वाहिनीक्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंतच चालवता येतात. पडद्यावर ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस’ ही ओळ हवी आणि रेकॉर्डिंग ९० दिवस ठेवावे लागते. हार्ड डिस्कचा खर्च त्याच हिशेबाने धरा. तोच कार्यक्रम दुसऱ्या एमएसओला देता येत नाही. भुसावळचे बातमीपत्र धुळ्यातल्या वेगळ्या नेटवर्कवरही दाखवायचा बेत इथेच फसतो.

केबलवाल्याची स्वतःची नोंदणी १७ जानेवारी २०२५ पासून टपाल कार्यालयात होत नाही. अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर, शुल्क ५,००० रुपये, मुदत ५ वर्षे. आधार, पॅन आणि कंपनी असल्यास सीआयएन व डीआयएन (संचालकाचा ओळख क्रमांक) तिथेच पडताळले जातात. आधारवर पूर्ण नाव आणि पॅनवर आद्याक्षरे असतील तर आधी ते एकसारखे करून घ्या. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ९० दिवस आधी.

यूट्यूब, फेसबुक, वेबसाइट

इथे परवाना नाहीच. ‘यूट्यूब चॅनल रजिस्ट्रेशन’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. २०२१ च्या आयटी नियमांनुसार डिजिटल बातम्या देणाऱ्याने सुरुवातीपासून ३० दिवसांत माहिती व प्रसारण मंत्रालयाला विहित नमुन्यात माहिती कळवायची असते. वृत्तपत्र किंवा टीव्ही असणाऱ्यांचा नमुना वेगळा, फक्त डिजिटल असणाऱ्यांचा वेगळा. माहिती कळवली म्हणजे सरकारी मान्यता मिळाली, असे लेटरहेडवर छापणे चूक.

तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचा संपर्क दिसेल असा द्या. तक्रारीची पोच २४ तासांत, निर्णय १५ दिवसांत.

लोगोसाठी ट्रेडमार्कचा अर्ज वर्ग ३८ (प्रसारण) आणि ४१ (मनोरंजन, शिक्षण) मध्ये करतात. व्यक्ती किंवा उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योगाला ऑनलाइन शुल्क प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये. उद्यम नोंदणी मोफत आहे, ती आधी करा.

पत्रकारांची अधिस्वीकृती, म्हणजे सरकारने दिलेली मान्यता, हा वेगळाच विषय. त्याची चौकशी जिल्हा माहिती कार्यालयात करा. स्वतः छापलेले ‘प्रेस’ कार्ड म्हणजे अधिस्वीकृती नव्हे.