सर कावसजी जहांगीर सभागृह (कलादालन)

दक्षिण मुंबईत महात्मा गांधी मार्गाच्या टोकाशी असलेली, वक्राकार दर्शनी भागाची दगडी वास्तू. वास्तुविशारद जॉर्ज विटेट. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा डिसेंबर १९९६ पासून येथे आहे. जुन्या मुंबईकरांच्या तोंडी अजूनही ‘सी. जे. हॉल’.

नावावरून नेहमी घोटाळा होतो. मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह (१८७४) कावसजी जहांगीर रेडिमनी यांच्या देणगीतून झाले. प्रस्तुत सभागृह पुढच्या पिढीच्या देणगीतून, तर काळा घोडा येथील जहांगीर कलादालन (१९५२) त्याही पुढच्या पिढीच्या. बांधकामाचे वर्ष सर्रास १९११ दिले जाते. मात्र ज्या विज्ञान संस्थेच्या संकुलाचे हे अंग, ती १९२० च्या सुमारास कार्यान्वित झाली. त्यामुळे १९११ हे पूर्ततेपेक्षा आरंभाचे वर्ष मानणे अधिक सयुक्तिक वाटते. सभागृहाचे कलादालनात रूपांतर करण्याच्या कल्पनेचे श्रेय कोणी कलादालनचालक केकू गांधी यांना, तर कोणी शिल्पकार पिलू पोचखानवाला यांना देतात. दोघांचाही पाठपुरावा होता, एवढे म्हणणे पुरेसे.

सभा व संगीताच्या मैफली हा मूळ उपयोग. रूपांतराचा आराखडा वास्तुविशारद रोमी खोसला यांचा. कामाला सुमारे १२ वर्षे लागली. मुळातील एकसंध उंच पोकळीत जिन्याभोवती एकावर एक अर्धवर्तुळाकार दालने बसवण्यात आली. सर्वांत वर घुमटाखालचे दालन. बाह्यरूप तेच राहिले.

सभागृहाला उंची असते, भिंती कमी पडतात. मजले घातले की टांगण्याची जागा वाढते, पण वक्र भिंतीवर ताठ चौकट नीट बसत नाही. ८ मी. त्रिज्येच्या अंतर्वक्र भिंतीवर २ मी. रुंद चित्राच्या कडा टेकतात आणि मध्ये सुमारे ६ सेंमी. फट राहते, ३ मी. रुंदीला ती १४ सेंमी.वर जाते. बहिर्वक्र बाजूस उलट : मध्य टेकतो, कडा सुटतात आणि चित्र हलते. म्हणून मोठ्या कॅनव्हाससाठी सरळ उपभिंत उभारतात किंवा मागे कमी-जास्त जाडीचे ठोकळे देतात. उपभिंतीत जिप्सम फलकामागे १२ ते १८ मिमी. प्लायवूड हवेच, नुसत्या फलकात खिळा धरत नाही.

चुन्यातील जुन्या दगडी बांधकामावर सिमेंटचा गिलावा करणे ही नेहमीची चूक. आतली ओल बाहेर पडण्याची वाट बुजते, क्षार पृष्ठाशी साचून लोणा फुटतो आणि एक-दोन पावसाळ्यांत रंगाचे पापुद्रे सुटतात. चुन्याचाच गिलावा करावा. उपभिंत मूळ भिंतीपासून ५ ते १० सेंमी. सोडून, खाली-वर हवेला वाट ठेवून उभारावी. फट पूर्ण बंद केल्यास प्लायवूडला बुरशी येते, आणि ती चित्राच्या पाठीला लागेपर्यंत दिसत नाही.

सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचा जुना दंडक आता ४० ते ६० असा सैल झाला आहे. मुंबईच्या पावसाळ्यात तोही सोपा नाही. त्यात वातानुकूलन फक्त दिवसा चालवले, तर रोजच्या चढउताराने कॅनव्हास ताणला-सैलावला जातो आणि रंगथराला तडे जातात; किंचित जास्त पण स्थिर आर्द्रता त्यापेक्षा बरी. कागदावरील कृतींवर ५० लक्स (प्रकाशमापनाचे एकक), तैलचित्रांवर सुमारे २०० लक्सपर्यंत प्रकाश ठेवतात. त्यासाठी खिडक्या झाकाव्या लागतात आणि वास्तूचा निम्मा दिमाख तिथेच जातो.

वरच्या दालनात काय दाखवता येईल, हे अखेर जिनाच ठरवतो. पायऱ्यांची रुंदी मोजून भागत नाही. वळणावर चित्राच्या पेटीचा कर्ण फिरतो का आणि कठड्याच्या वर किती उंची मोकळी आहे, हे पाहावे लागते. न मावणारे चित्र चौकटीवरून उतरवून गुंडाळणे धोक्याचे, जाड रंगथर असेल तर अशक्यच.