सत्तर गुणांचं नाणं

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी चादरीवर मांडलेल्या ढिगात नेहरूंचा १९६४ चा रुपया अजूनही हाताला लागतो. नाक झिजलेलं, कडा काळवंडलेली. त्याचे कोणी फारसे पैसे देत नाही. तेच नाणं टाकसाळीतून निघालं तसंच राहिलेलं असेल आणि सीलबंद प्लॅस्टिकच्या डबीत, वर गुणांकन छापून आलं असेल, तर लिलावात त्याची गोष्ट वेगळी होते. साल तेच, धातू तोच. हा फरक कुठून आला, ते बघायला अमेरिकेत जावं लागतं.

१८९२ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी तिथे कोलंबसचा अर्धा डॉलर पाडला गेला. अमेरिकेचं हे पहिलं स्मारक नाणं, विक्री दर्शनी किमतीच्या दुप्पट दराने. पहिलंवहिलं नाणं रेमिंग्टन टाइपरायटरवाल्या कंपनीने जाहिरातीसाठी १०,००० डॉलरला घेतलं. पण उरलेल्यांपैकी लाखो विकलीच गेली नाहीत. पुष्कळ वितळवली, पुष्कळ दर्शनी किमतीला चलनात सोडली. लोकांनी ती वापरली, झिजवली. म्हणून आज कोलंबसचा अर्धा डॉलर मुबलक आहे, निष्कलंक मात्र क्वचित मिळतो.

पुढे १९४९ मध्ये विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी सुचवली. तिच्यामागचा हिशेब मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याच्या लेखी हे थेट किमतीचे पट होते: १ गुणाचं, जेमतेम ओळखू येणारं नाणं एक डॉलरचं असेल, तर ७० गुणांचं ७० डॉलरचं. बाजाराने तो हिशेब केव्हाच मागे टाकला, आकडे तेवढे राहिले.

त्या आकड्यांना धार आली ती १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या नाणी तपासून गुण देणाऱ्या अमेरिकी संस्था सुरू झाल्यावर. तिसऱ्याच माणसाने नाणं तपासायचं, गुण द्यायचे, डबीत बंद करायचं. शिवाय कोणत्या नाण्याला किती गुण किती वेळा दिले याची मोजदादही छापायची. त्यामुळे 'याहून वरचं एकही नाही' असं आकड्यात म्हणता येऊ लागलं, आणि बोली त्या एका वाक्यावर चढू लागली. न पाहता घेता येतं म्हटल्यावर वॉल स्ट्रीटचा पैसाही आला. १९८९ मध्ये अमेरिकी स्मारक नाण्यांचे भाव शिखरावर पोचले आणि पुढच्याच वर्षी कोसळले. कमी गुणांच्या नाण्यांना ते दिवस पुन्हा आले नाहीत.

आपल्याकडे स्मारक नाणी सुरू झाली ती नेहरूंच्या निधनानंतर, त्या १९६४ च्या रुपयाने आणि पन्नास पैशांनी. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं चांदीचं नाणं आलं, १५ ग्रॅमचं. आमच्या आजीने ते देवघरात ठेवलं होतं. दर लक्ष्मीपूजनाला पितांबरीने घासून, लखलखीत करून, तांदळावर मांडायची. आज भिंगाखाली धरलं की गांधीजींच्या गालावर बारीक रेघांचं जाळं दिसतं. घासलेल्या नाण्याला या संस्था गुणच देत नाहीत, नुसता 'डिटेल्स' असा शेरा मारतात. महाराष्ट्रातल्या किती देवघरांत अशी नाणी असतील! ज्या मायेने ती जपली गेली, तिनेच त्यांचा वरचा थर गेला. ७० गुणांसाठी पाचपट भिंगाखाली टाकसाळीनंतरचा एकही ओरखडा दिसता कामा नये.

म्हणूनच '२०१२ चं वैष्णोदेवीचं नाणं द्या, लाखो घ्या' असे मेसेज फिरतात तेव्हा काळजी वाटते. त्यांत नाण्याच्या अवस्थेबद्दल अवाक्षर नसतं, आणि आधी भरायच्या 'फी'ची मागणी मात्र असते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती त्यासाठी कोणतंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. घरातलं नाणं दाखवायचंच असेल, तर कडेला धरून, न पुसता, जाणत्या नाणेसंग्राहकाकडे न्यावं.